कुवेत १९९० : परक्या युद्धाचे आपले साक्षीदार

१९९० साली कुवेतमध्ये मोहरमची दहावी तारीख १ ऑगस्टला, बुधवारी आली होती. ज्यांनी आशुऱ्याचा रोजा धरला होता त्यांनी संध्याकाळी इफ्तार केला, इशाची नमाज पढली आणि ते झोपी गेले. दुसऱ्या दिवशी पहाटे फजरच्या अजानच्या आधीच त्यांना जाग आली ती तोफांच्या आणि हेलिकॉप्टरांच्या आवाजाने. रात्री दोनच्या सुमारास इराकी फौज सरहद्द ओलांडून आत आली होती.

या घटनेचा इतिहास आपण वाचतो तो बहुतेक सद्दाम हुसेन, जॉर्ज बुश, तेलाच्या विहिरी आणि संयुक्त राष्ट्रांचे ठराव अशा क्रमाने. तो क्रम चुकीचा नाही. पण त्या पहाटे कुवेतमध्ये जे लोक जागे झाले त्यांच्यातले बहुसंख्य कुवेती नव्हतेच, हे आपल्या लक्षात येत नाही. त्या वेळी कुवेतची लोकसंख्या सुमारे २१ लाख होती आणि तिच्यात मूळ कुवेती नागरिक एक तृतीयांशाहूनही कमी होते. बाकीचे पॅलेस्टिनी, इजिप्शियन, भारतीय, बांगलादेशी, पाकिस्तानी, श्रीलंकन, फिलिपिनो. म्हणजे ज्या देशावर हल्ला झाला, त्या देशात हल्ला पाहणारे डोळे जास्त करून परदेशी होते. त्यांत भारतीय सुमारे पावणेदोन लाख. सर्वांत मोठा भाग केरळचा होता, पण आपल्या कोकणातली माणसंही होती. रत्नागिरी आणि रायगड जिल्ह्यांतल्या अनेक मुस्लिम मोहल्ल्यांत आखातातल्या दिनारावर चूल पेटायची. माझे एक मामू त्यांच्यापैकीच. कुवेत शहरात एका दुकानाच्या गोदामात ते कामाला होते.

या लेखात मला त्या माणसांबद्दल लिहायचं आहे. युद्ध त्यांचं नव्हतं, कुणाशी त्यांचं वैरही नव्हतं. ते तिथे फक्त रोजीसाठी होते.

ती पहाट

इराक आणि कुवेत यांच्यात कुरबूर आधीपासून होती. इराणशी आठ वर्षं (१९८०–८८) लढून इराक कर्जात बुडाला होता आणि त्या कर्जातला मोठा वाटा कुवेतचा होता. कुवेत ठरलेल्या कोट्यापेक्षा जास्त तेल काढून भाव पाडतो आणि रुमैला क्षेत्रातलं आमचं तेल चोरतो, असा सद्दामचा आरोप होता. जुलैमध्ये इराकी फौज सरहद्दीवर जमली, तेव्हा बहुतेकांना वाटलं की हा दबाव आहे. काही पैसे देऊन, थोडी सरहद्द इकडे-तिकडे करून प्रकरण मिटेल. मोठमोठ्या सरकारांचाही हाच अंदाज होता. मग गोदामात पोती मोजणाऱ्या माणसाला वेगळं काय कळणार?

काही तासांतच राजधानी इराकच्या हाती गेली. अमीर शेख जाबिर अल-अहमद सौदी अरबस्तानात निघून गेले. त्यांचे भाऊ शेख फहद अल-अहमद दसमान राजवाड्यापाशी मारले गेले. हे तेच शेख फहद, जे १९८२ च्या फुटबॉल विश्वचषकात फ्रान्सविरुद्धच्या सामन्यात पंचाच्या निर्णयावर चिडून थेट मैदानात उतरले होते.

त्याच पहाटे ब्रिटिश एअरवेजचं १४९ क्रमांकाचं विमान इंधन घेण्यासाठी कुवेतमध्ये उतरलं. ते लंडनहून मद्रास आणि क्वालालंपूरला निघालं होतं. विमानतळावर हल्ला झाला आणि ते विमान पुन्हा उडालंच नाही. त्यातल्या अनेक प्रवाशांना पुढे इराकने ओलीस ठेवलं. इराकी फौज आत शिरल्याची खबर ब्रिटिश राजदूताने विमान उतरण्याआधी आपल्या परराष्ट्र खात्याला दिली होती, पण ती विमान कंपनीपर्यंत पोहोचवली गेली नाही, हे ब्रिटिश सरकारने संसदेत कबूल केलं ते २०२१ मध्ये, म्हणजे एकतीस वर्षांनी. ओलीस राहिलेल्यांनी पाठपुरावा केला, मुलाखती दिल्या, पुस्तकं झाली, म्हणून निदान एवढं तरी बाहेर आलं. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे मी तिच्याकडे परत येणार आहे.

दिनाराचा कागद झाला

मामूंना मी खूप वर्षांनी विचारलं, सर्वांत आधी भीती कशाची वाटली? मला वाटलं होतं ते सैनिकांचं नाव घेतील. ते म्हणाले, पगाराची. गुरुवार होता, महिना नुकताच संपला होता आणि जुलैचा पगार हातात यायचा होता. तो कधीच आला नाही. मालक उन्हाळ्याच्या सुट्टीत देशाबाहेर होता. ऑगस्टच्या उष्म्यात पुष्कळ कुवेती कुटुंबं बाहेरच असायची. भारतीय शाळांनाही सुट्टी होती, त्यामुळे अनेकांची बायका-मुलं गावी आली होती आणि पुरुष एकटे तिथे होते. फोन बंद पडले. गावाकडे बायकोला नवरा जिवंत आहे की नाही हे कळेना आणि तिकडे नवऱ्याला बायकोपर्यंत निरोप पोहोचवता येईना.

मग पैशाचं झालं. ८ ऑगस्टला इराकने कुवेत आपल्यात विलीन केल्याचं जाहीर केलं आणि महिनाअखेरीस त्याला आपला एकोणिसावा प्रांत म्हटलं. कुवेती दिनार इराकी दिनाराच्या बरोबरीचा ठरवला गेला आणि पुढे चलनातूनच काढला गेला. बाजारात इराकी दिनाराला कुवेती दिनाराच्या मानाने फारच थोडी किंमत होती. ज्याने दहा वर्षं पोटाला चिमटा काढून बँकेत पैसे ठेवले होते, त्याच्या हातात काहीच उरलं नाही. दागिने, टीव्ही, गाडी, जे होतं ते मिळेल त्या भावाला विकून लोकांनी प्रवासाचं भाडं उभं केलं.

आणखी एक अडचण होती. आखातात कफील, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा असतो तो मालक, कामगाराचा पासपोर्ट स्वतःकडे ठेवत असे. आता कफील पळालेला आणि त्याच्या कपाटाला कुलूप. हजारो माणसं अशी होती की त्यांच्याजवळ आपण कोण आहोत हे सांगणारा कागदच नव्हता. भारतीय दूतावासाने अशांना तात्पुरते प्रवासाचे कागद करून दिले.

सगळे परदेशी सारखे नव्हते

सद्दामच्या फौजेने परदेशी लोकांची प्रतवारी केली, हे स्पष्ट सांगायला हवं. ब्रिटिश, अमेरिकन आणि इतर पाश्चात्त्य लोकांना पकडून लष्करी आणि औद्योगिक ठिकाणी नेऊन ठेवलं गेलं, म्हणजे तिथे बॉम्ब पडणार नाहीत. २३ ऑगस्टला सद्दाम टीव्हीवर अशा ओलिसांबरोबर बसला आणि पाच वर्षांच्या एका ब्रिटिश मुलाच्या डोक्यावर हात फिरवत त्याची विचारपूस करताना जगाला दिसला. त्या मुलाचा ताठरलेला चेहरा आजही लोकांना आठवतो. त्या ओलिसांची सुटका डिसेंबरमध्ये झाली.

भारतीयांना साधारणपणे लक्ष्य केलं गेलं नाही. इराक आणि भारताचे संबंध जुने होते. अरबीत भारतीय माणसाला 'हिंदी' म्हणतात. चौकीवर 'हिंदी' एवढा शब्द सांगितला की बरेचदा सैनिक पुढे जा म्हणायचे, असं मामू सांगत. माणूस केरळचा ख्रिस्ती आहे, पंजाबचा शीख आहे की कोकणचा मुसलमान, हे तिथे कुणी विचारत नव्हतं. पण याचा अर्थ सगळं सुखरूप होतं असा नाही. लुटालूट होती, दुकानं रिकामी होत होती, ६ ऑगस्टच्या ठरावाने संयुक्त राष्ट्रांनी निर्बंध घातल्यावर अन्नाची टंचाई वाढत गेली. सर्वांत वाईट अवस्था घरकाम करणाऱ्या श्रीलंकन आणि फिलिपिनो बायकांची होती. मालकाचं घर सोडलं तर जायचं कुठे, आणि थांबलं तर राखणार कोण?

या काळात भारतीयांनी एकमेकांना धरून ठेवलं. शाळांच्या इमारतींत आसरे उघडले, धान्य गोळा करून वाटलं, गाड्या ठरवल्या. या कामात मथुण्णी मॅथ्यूज यांचं नाव आजही आदराने घेतलं जातं. टोयोटा गाड्यांच्या एजन्सीत ते मोठ्या हुद्द्यावर होते, म्हणून लोक त्यांना 'टोयोटा सनी' म्हणत. हरभजनसिंग वेदी यांचंही काम तसंच मोठं. २०१६ च्या 'एअरलिफ्ट' चित्रपटातला नायक या माणसांवरून रचलेला आहे. पण चित्रपटात एकच नायक लागतो आणि सरकार झोपलेलं दाखवावं लागतं. खरी गोष्ट तशी नव्हती. परराष्ट्र खात्याने तेव्हा या चित्रणाला हरकत घेतली होती आणि ती मला रास्त वाटते.

अम्मानची वाट

त्या वेळी विश्वनाथ प्रताप सिंग पंतप्रधान होते आणि इंदरकुमार गुजराल परराष्ट्रमंत्री. गुजराल बगदादला गेले. सद्दाम त्यांना मिठी मारतोय तो फोटो जगभर छापला गेला आणि त्यावर सडकून टीका झाली. टीका समजण्यासारखी आहे. एका आक्रमकाला मिठी कशाला? पण पावणेदोन लाख माणसं ज्याच्या ताब्यात आहेत त्याच्याकडे तोंड फिरवून ती माणसं घरी येणार नव्हती. गुजराल स्वतः कुवेतलाही गेले आणि परतताना विमानात काही भारतीयांना घेऊन आले. इराकने कुवेतमधले दूतावास बंद करायला सांगितले, तेव्हा भारताने आपला दूतावास बसऱ्याला हलवला. त्यावरही टीका झाली. पण बसऱ्याहूनच पुढची वाट जात होती.

ती वाट अशी : कुवेतहून बसने बसरा, तिथून बगदाद, बगदादहून वाळवंट तुडवत जॉर्डनची सरहद्द आणि मग राजधानी अम्मान. सगळं मिळून दीड हजार किलोमीटरच्या आसपास. ऑगस्ट महिना, पारा पंचेचाळीसच्या पुढे. इराक आणि जॉर्डनच्या चौक्यांमधल्या ओसाड पट्ट्यात तंबूंच्या छावण्या उभ्या राहिल्या. एका छावणीचं नाव शालान. जॉर्डन तेव्हा पस्तीस लाखांच्या आसपास वस्तीचा गरीब देश, आणि त्याच्या दारात काही आठवड्यांत लाखो माणसं येऊन उभी राहिली. पाण्याच्या टँकरमागे लोक धावत. एका भाकरीसाठी हाणामाऱ्या होत. मामू या छावणीत अकरा दिवस होते. त्यांनी मला त्याबद्दल फार सांगितलं नाही. एकदा एवढंच म्हणाले की तिथे तयम्मुमला वाळू भरपूर होती.

अम्मानहून पुढे एअर इंडिया. १३ ऑगस्ट ते ११ ऑक्टोबर या काळात ४८८ उड्डाणं आणि १ लाख ११ हजार ७११ माणसं. नागरी विमान कंपनीने केलेली ही सर्वांत मोठी सुटका म्हणून गिनेस बुकात नोंदली गेली. बाकीचे इतर विमानांनी, जहाजांनी आले. काही हजार भारतीय कुवेतमध्येच थांबले आणि त्यांनी पुढचं सगळं युद्ध आतून पाहिलं. बांगलादेश, श्रीलंका, फिलिपाइन्स यांच्या लोकांना मात्र बरंच आंतरराष्ट्रीय संघटनांवर अवलंबून राहावं लागलं आणि त्यांची वाट जास्त लांबली.

तारखा पाहिल्या की आणखी एक गोष्ट ध्यानात येते. ७ ऑगस्टला मंडल आयोगाची घोषणा झाली होती, २५ सप्टेंबरला सोमनाथहून रथयात्रा निघाली. देशात जातीवरून आणि धर्मावरून वातावरण पेटलं होतं, आणि त्याच आठवड्यांत अम्मानहून मुंबईला रोज विमानं भरून येत होती. त्या विमानांत बसायला एकच अट होती, माणूस हिंदी असावा. मला हा योगायोग विसरता येत नाही.

मोहल्ल्यातला सद्दाम

आता जे लिहायचं आहे ते आपल्याबद्दल आहे.

मी तेव्हा पाचवीत होते. मामू परत आले ती रात्र मला आठवते. दाढी वाढलेली, हातात कापडी पिशवी, अंगात दुसऱ्या कुणाचा तरी शर्ट. नानीने दोन रकात शुक्राना पढली. काही महिन्यांनी, १७ जानेवारी १९९१ ला अमेरिका आणि तिच्या दोस्त राष्ट्रांनी इराकवर बॉम्बफेक सुरू केली, आणि बघता बघता आमच्या मोहल्ल्यात सद्दामची पोस्टर्स लागली. लष्करी टोपीतला सद्दाम, नमाज पढणारा सद्दाम. अमेरिकेला भिडणारा मर्द म्हणून जुम्याला त्याच्यासाठी दुआ होऊ लागली. केस कापायच्या दुकानात आरशाच्या वर त्याचा फोटो होता. मामू त्या दुकानात गेले, फोटोखाली बसले, केस कापून घेतले आणि काही न बोलता घरी आले.

बगदादवर पडणारे बॉम्ब बघून लोकांचं मन पेटलं, हे मी समजू शकते. त्या बॉम्बफेकीत सामान्य इराकी मेले, नंतरच्या निर्बंधांत औषधावाचून मुलं मेली. सद्दामने माघारीचा प्रश्न पॅलेस्टाइनशी जोडला होता, म्हणून अनेकांना तो पॅलेस्टाइनचा कैवारी वाटला. पण याच सद्दामने एका मुस्लिम शेजाऱ्यावर चाल केली होती. त्याआधी आठ वर्षं दुसऱ्या मुस्लिम शेजाऱ्याशी तो लढला होता. मार्च १९८८ मध्ये हलबजा इथे त्याच्या फौजेने विषारी वायू सोडून सुमारे पाच हजार कुर्द मारले होते, तेही मुसलमानच. आणि आमच्याच मोहल्ल्यातल्या दहा-बारा घरांची आयुष्यभराची कमाई त्याने मातीत घातली होती. ज्यांनी हे डोळ्यांनी पाहिलं ती माणसं गावात होती. त्यांना कुणी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर अमेरिकेची बाजू घेतो म्हणून ऐकून घ्यावं लागलं असतं.

पुढे मी शिक्षिका झाले, तेव्हा सुरुवातीच्या वर्षांत माझ्या हजेरीपटावर सद्दाम नावाची तीन मुलं होती. सगळी १९९१ ची. गुणी मुलं. त्यांच्या नावाचा त्यांना पुढे त्रास झाला तर तो त्रास देणाऱ्यांचा दोष, मुलांचा नाही. पण नाव ठेवताना आपण कुणाची बाजू ऐकून ठेवलं, हा प्रश्न आपल्याला आपल्याशी विचारावाच लागेल.

हिशेब

फेब्रुवारी १९९१ च्या अखेरीस कुवेत मुक्त झालं. पण परदेशी लोकांचं युद्ध तिथे संपलं नाही. पॅलेस्टिनी नेतृत्वाने सद्दामला पाठिंबा दिला होता. त्याची किंमत कुवेतमध्ये राहणाऱ्या सुमारे चार लाख पॅलेस्टिनींनी मोजली. काही युद्धात निघून गेले, उरलेल्यांना हुसकावलं गेलं आणि त्यांची संख्या पन्नास हजारांच्या आत आली. त्यांच्यातली हजारो माणसं कुवेतमध्येच जन्मली होती. नेत्याने घेतलेली बाजू आणि सोसायचं मास्तराने, इंजिनिअरने, दुकानदाराने.

आपल्या देशातही झळ आली. तेलाचा भाव बॅरलला वीस डॉलरच्या आसपासहून चाळीसच्या वर गेला, आखातातून येणारा पैसा आटला. आधीच नाजूक असलेली परकीय गंगाजळी आणखी खालावली आणि जुलै १९९१ मध्ये देशाला सुमारे ४७ टन सोनं परदेशी गहाण ठेवावं लागलं. कोकणात तर त्याच्या आधीच घराघरांतलं सोनं सावकाराकडे गेलं होतं.

नुकसानभरपाईसाठी संयुक्त राष्ट्रांनी जिनिव्हात एक आयोग नेमला. जगभरातून सुमारे २७ लाख दावे आले. इराकच्या तेलाच्या उत्पन्नातून एकूण ५२.४ अब्ज डॉलर दिले गेले आणि हे काम पूर्ण व्हायला २०२२ साल उजाडलं. या आयोगाने एक गोष्ट चांगली केली. सरकारांच्या आणि तेल कंपन्यांच्या आधी सामान्य माणसांचे दावे घेतले. देश सोडावा लागला एवढ्यासाठी एका माणसाला २,५०० डॉलर आणि कुटुंबाला ५,००० डॉलर अशी मूळ रक्कम ठरली होती. मामूंनीही अर्ज भरला, त्यांना टप्प्याटप्प्याने पैसे मिळाले, त्यातून घराची कौलं बदलली.

त्या अर्जात नाव, कागदपत्रांचे क्रमांक आणि कुवेत सोडल्याची तारीख विचारली होती. मामूंची युद्धाबद्दलची लेखी साक्ष ती तेवढीच. अकरा दिवस वाळवंटात काय घडलं याला अर्जात रकाना नव्हता.

शाहिद आणि शहीद

मी मुलांना उर्दू शिकवताना सांगते की शाहिद आणि शहीद हे एकाच धातूतून आलेले शब्द आहेत. शाहिद म्हणजे साक्षीदार. शहीदाची आठवण ठेवायला आपल्याला आवडतं, त्याच्यावर शेर होतात, जलसे होतात. शाहिदाला मात्र आपण विसरतो. तो जिवंत परत येतो, कर्जात असतो आणि त्याची गोष्ट कुणाच्याच घोषणेत बसत नाही. खरं तर कुरआनने सूरह निसामध्ये आपल्याला न्यायासाठी साक्ष द्यायला सांगितलं आहे, मग ती स्वतःच्या, आईवडिलांच्या किंवा नातलगांच्या विरोधात का जाईना. ही अट सोपी नाही. परक्या युद्धाच्या साक्षीदाराला ती पाळता येते, कारण तो कुठल्याच बाजूचा नसतो. फक्त त्याला कुणी विचारावं लागतं.

ब्रिटिश विमानातले प्रवासी बोलत राहिले, म्हणून एकतीस वर्षांनी का होईना त्यांच्या सरकारला कबुली द्यावी लागली. आपली माणसं बोलली नाहीत, कारण आपण ऐकायला बसलो नाही. २०१५ मध्ये येमेन, २०२२ मध्ये युक्रेन, २०२३ मध्ये सुदान, अशा ठिकाणांहून भारतीय पुन्हा पुन्हा युद्धाच्या तोंडातून परत आले. दर वेळी विमानांची संख्या लक्षात राहिली आणि माणसं विसरली गेली.

मामूंचा तीन वर्षांपूर्वी इंतकाल झाला. माझ्याजवळ त्यांच्या आठवणींची वहीची जेमतेम चार पानं आहेत, तीही मी उशिरा विचारलं म्हणून अर्धवट. १९९० मध्ये तीस वर्षांचा असलेला माणूस आज पासष्टीच्या घरात आहे. तुमच्या घरात, मोहल्ल्यात, जमातीत असा कुणी असेल तर या जुम्यानंतर त्याच्याजवळ जाऊन बसा. पगार किती होता, बसचं भाडं किती पडलं, छावणीत शेजारी कोण होतं, एवढंच विचारा. सद्दामबद्दल विचारायची गरज नाही. त्यांना वाटलं तर ते स्वतःच सांगतील. आणि सांगतील ते लिहून ठेवा.